मांजराच्या पंजाखालची नळी : दारूविक्रीचा परवाना असतो तरी कशाचा?

१७३६ साली लंडनमध्ये जिन ही कडक दारू पाण्यासारखी वाहत होती. तिला बांध घालायला पार्लमेंटने कायदा केला : किरकोळ जिन विकायची असेल तर वर्षाला ५० पौंड भरून परवाना घ्या, वर गॅलनमागे २० शिलिंग कर द्या. साध्या मजुराला वर्षभर राबूनही ५० पौंड मिळत नव्हते. त्यामुळे परवाना घ्यायला आले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी धंदा चालूच ठेवला, फक्त दाराला कडी लावून.

त्यातलाच एक डडली ब्रॅडस्ट्रीट. त्याने पुढे आपल्या आठवणी छापल्या, त्यात ही हकिगत आहे. गड्याने कायदा दोन-चारदा नीट वाचून काढला आणि त्यातल्या दोन फटी शोधल्या. एक, दार फोडून आत शिरायची मुभा कायद्याने कोणाला दिली नव्हती. दुसरी, खबऱ्याला तक्रार करायची तर घर ज्याच्या नावावर भाड्याने घेतलंय त्याचं नाव ठाऊक असावं लागे. मग त्याने ओळखीतल्या एकाला घर भाड्याने घ्यायला लावलं, रस्त्याकडच्या खिडकीला मांजराची पाटी ठोकली आणि तिच्या पंजाखालून शिशाची नळी बाहेर काढली. गिऱ्हाईक मांजराच्या तोंडात नाणं टाकायचं, आतून हा नरसाळ्यात जिन ओतायचा, आणि गिऱ्हाईक नळीखाली भांडं धरायचं. विकली कोणी? मांजराने. पकडणार कोणाला?

दारूच्या परवान्यांचे नियम वाचायला बसलं की कंटाळा येतो, कारण ते कलमांच्या भाषेत असतात. पण हे मांजर डोळ्यांसमोर ठेवलं की बरंच काही आपोआप उलगडतं. कोण विकतंय, कुठे विकतंय, कधी, कोणाला आणि माल आला कुठून, हे पाच प्रश्न विचारले की उत्तरादाखल एक नाव आणि एक पत्ता हाती लागला पाहिजे. देशोदेशीच्या नियमांची सगळी धडपड त्यासाठीच असते.

हक्क नव्हे, मुभा

किराणा दुकान काढायचं तर तुम्ही आधी दुकानदार असता आणि नियम मागाहून येतात. दारूच्या बाबतीत गाडी उलटी चालते. परवाना हाती येईपर्यंत विक्री हा गुन्हाच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली क्राउली विरुद्ध क्रिस्टेन्सन या खटल्यात स्पष्ट म्हटलं की किरकोळ दारू विकणं हा नागरिकाचा अंगभूत हक्क नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात जवळपास हीच भूमिका घेतली : नशेच्या पेयाचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही. राज्य तो बंद करू शकतं, स्वतःकडे ठेवू शकतं किंवा अटी घालून इतरांना करू देऊ शकतं.

एवढा कडकपणा का, याचं उत्तर आकड्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगभरात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. विकणाऱ्याने नियम पाळूनही ज्या मालाने इतकी हानी होते, त्याला साबणासारखं मोकळं सोडायला कुठलंच सरकार धजत नाही. दुसरं कारण सरकारं जरा हळू आवाजात सांगतात : दारूवरचा कर. ज्याचं नाव-पत्ता नोंदलेलं आहे त्याच्याकडूनच कर वसूल होतो.

एक कागद जागेचा, एक माणसाचा

“बारचं लायसन मिळालं” असं आपण एका दमात म्हणून जातो. पण बऱ्याच देशांत त्या एका शब्दात दोन गोष्टी असतात, आणि इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या कायद्याने त्या अगदी स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत.

एक परवाना जागेला मिळतो. त्यासाठी जागेचा मापासह नकाशा द्यावा लागतो : काउंटर कुठे, संडास कुठे, बाहेर पडायची दारं किती. पुढे काउंटर या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायचं ठरलं, तरी परवान्यात बदल करून घ्यावा लागतो. हे ऐकून लोक हसतात. पण आग लागल्यावर शंभर माणसं ज्या वाटेने पळणार, तिथेच आडवं काउंटर आलं तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

दुसरा परवाना व्यक्तीला. अठरा वर्षं पूर्ण, ठरलेलं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास, गुन्ह्यांची नोंद तपासलेली, अशा माणसाला तो मिळतो. मग जागेच्या परवान्यावर अशाच एका माणसाचं नाव जबाबदार देखरेख करणारा म्हणून लिहिलं जातं. मालक परगावी राहणारा असो की एखादी बडी कंपनी असो, पोलीस आले की विचारायचं कोणाला हे ठरलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरं नाव चढवलं नाही, तर दारू विकता येत नाही. दुकान तेच, माल तोच, तरी विक्री बंद.

याशिवाय एक जुना भेद बहुतेक देशांत सापडतो : तिथेच बसून प्यायची दारू आणि बंद बाटलीत घरी न्यायची दारू. पहिल्या प्रकारात विकणाऱ्याची नजर गिऱ्हाइकावर असते. तिसऱ्या ग्लासानंतर जीभ अडखळायला लागली हे त्याला दिसतं, आणि चौथा ग्लास नाकारता येतो. बाटली एकदा दाराबाहेर गेली की कोण प्यायलं, किती प्यायलं, कोणाला पाजली, काहीच कळत नाही. म्हणून पहिल्यात आवाज, गर्दी, भांडणं आणि बंद व्हायची वेळ यांच्या अटी जास्त, तर दुसऱ्यात वय आणि विक्रीचे तास यांवर भर. स्कॉटलंडमध्ये बंद बाटली सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्या वेळातच विकता येते, बार मात्र त्यानंतरही चालू राहू शकतात.

फिकट निळा कागद

अर्जाच्या वाटेत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो टप्पा शेजाऱ्यांचा. इंग्लंडमध्ये नव्या परवान्यासाठी अर्ज केला की जागेच्या दर्शनी भागावर फिकट निळ्या कागदाची सूचना २८ दिवस लावावी लागते. कागद किमान ए-फोर मापाचा, अक्षर किमान सोळा पॉइंटचं, आणि बाहेरून जाणाऱ्याला सहज वाचता येईल असा. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. अक्षराचं मापही कायद्याने ठरवून दिलंय याचं हसू येईल, पण मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना लावून कायदा पाळल्याचं दाखवणारे लोक प्रत्येक देशात असतात.

त्या २८ दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतं, फक्त ती चार मुद्द्यांना धरून असावी लागते : गुन्हे आणि गोंधळ रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. स्कॉटलंडने यात सार्वजनिक आरोग्य हा पाचवा मुद्दा घातला. चारांपैकी एकाही मुद्द्यावर हरकत आली नाही, तर इंग्लंडमध्ये परवाना द्यावाच लागतो. मघाशी म्हटलेली मुभा इथे व्यवहारात बरीच हक्कासारखी वागते.

सामान्य माणसाच्या हरकती इथेच वाया जातात. “दारू वाईट आहे” असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. ते खोटं असतं असं नाही, त्याने या एका दुकानाबद्दल काहीच कळत नाही. “आमचा धंदा बसेल” हे शेजारच्या बारवाल्याचं रडगाणंही चालत नाही. पण समजा कोणी लिहिलं, “आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी यांच्या मागच्या दारावर उघडते, आधीचा चालक रात्री साडेबाराला रिकाम्या बाटल्या पिंपात ओतायचा आणि बाळ दचकून उठायचं,” तर त्यातून नेमकी अट निघते : रात्री अमुक वाजल्यापासून सकाळी अमुक वाजेपर्यंत बाटल्या बाहेर टाकायच्या नाहीत. परवान्यावरच्या अटी वाचल्या तर अशीच बारीकसारीक कलमं दिसतात. संगीत चालू असताना खिडक्या बंद, दारावर इतके सुरक्षारक्षक, कॅमेऱ्याचं चित्रण इतके दिवस जपायचं. प्रत्येक अटीमागे कधीतरी कोणाची तरी मोडलेली झोप किंवा फुटलेलं डोकं असतं.

घड्याळ दोन्ही बाजूंनी कापतं

विक्रीची वेळ कमी केली की पिणं कमी होईल, हे पटायला सोपं आहे. ऑस्ट्रेलियाने ते करून पाहिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, तिथल्या अनेक राज्यांत बार संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम आला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडने तो उचलला. कामावरून सुटायची वेळ पाचची आणि बार बंद व्हायची सहाची. त्या एका तासात माणसं काउंटरवर तुटून पडत, सहाचा ठोका पडायच्या आत जमतील तितके ग्लास रिचवत आणि मग एकदमच रस्त्यावर येत. बारमधून टेबलखुर्च्या गेल्या, भिंतींना फरशा आल्या, कारण रात्री सगळं पाइपने धुऊन काढायला ते सोयीचं. न्यू साउथ वेल्सने हा नियम १९५५ मध्ये सोडला, न्यूझीलंडने थेट १९६७ मध्ये.

त्याच ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८ मध्ये दुसरं टोक पकडलं गेलं. पहाटे पाचपर्यंत चालणारे बार साडेतीनच्या आसपास बंद करायला लावले. रात्रीच्या मारामाऱ्या साधारण एक तृतीयांशाने घटल्या.

मग वेळेचा नियम चांगला की वाईट? मला वाटतं हा प्रश्नच अपुरा आहे. संध्याकाळी सहाला दार लावलं तेव्हा माणसं तहानलेली होती, पहाटे साडेतीनला लावलं तेव्हा पुरेशी प्यायलेली होती. नियम एकाच जातीचा, परिणाम उलटे.

काउंटरवरचा अर्धा मिनिट

कायदा कितीही जाडजूड असला तरी तो शेवटी एका जागी येऊन थांबतो : समोर एक तरुण चेहरा, हातात बाटली, मागे रांग, आणि काउंटरवर बहुधा दुकानातला सगळ्यांत कमी पगाराचा माणूस. याचं वय काय असेल?

किमान वय जगभर एक नाही. जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी घेता येते, कडक दारू अठराव्या. अमेरिकेत सरसकट एकवीस. केंद्राने १९८४ साली ‘वय वाढवा नाहीतर रस्त्यांच्या निधीत कपात’ असं म्हटलं आणि राज्यं झक मारत वळली. स्वीडनमध्ये बारमध्ये अठरा, पण सरकारी दुकानातून बाटली घ्यायला वीस. वरवर विचित्र वाटतं, पण बसून पिणं आणि बाटली नेणं यांतला मघाचा भेद आठवला की ते लगेच कळतं.

अठरा आणि सतरा यांतला फरक चेहऱ्यावरून ओळखणं कोणालाच जमत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये एक शहाणी युक्ती रुळली : गिऱ्हाईक पंचवीसच्या आतलं दिसलं की ओळखपत्र मागायचं. स्कॉटलंडमध्ये तर २०११ पासून अशी पद्धत ठेवणं बंधनकारक आहे. मधली सात वर्षं चुकीला जागा म्हणून सोडलेली. यात विकणाऱ्याचीही सुटका आहे. “तू लहान दिसतोस” म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा “पंचवीसच्या आतल्या सगळ्यांना विचारतो” हे सांगणं सोपं.

अनेक दुकानांत नकारांची वही असते. तारीख, वेळ, काय मागितलं, नाही का म्हटलं, कोणी म्हटलं. तपासणीला आलेला अधिकारी ही वही आधी उघडतो. सहा महिन्यांत एकही नोंद नसेल, तर गिऱ्हाइकं फार सज्जन असतील यापेक्षा कोणी विचारतच नसेल हा संशय जास्त रास्त. खात्री करायला अठराच्या आतल्या मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवायचीही पद्धत आहे.

वयाइतकाच दुसरा नियम मात्र कागदावरच राहतो. झिंगलेल्या माणसाला आणखी दारू विकणं इंग्लंडसह अनेक देशांत गुन्हा आहे, पण यासाठी खटले फारच थोडे होतात. वय ओळखपत्रावर छापलेलं असतं, झिंग कुठे छापलेली असते? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी इथे वेगळी वाट काढली. उघड झिंगलेल्याला दारू पाजली आणि त्याने बाहेर जाऊन कोणाला गाडीखाली घेतलं, तर जखमी माणूस बारवर नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. दंडापेक्षा ही धास्ती मोठी, कारण विमा कंपनीही हप्ता वाढवायला टपलेली असते.

परवाने किती द्यायचे?

इंग्लंडने १८३० साली मोकळा हात सोडला. दोन गिनी भरा आणि बिअर विका, मॅजिस्ट्रेटची परवानगी नको. जिनपेक्षा बिअर बरी, असा हिशेब. पाहता पाहता वीस हजारांहून जास्त नवी बिअरघरं उभी राहिली, आणि १८६९ मध्ये मॅजिस्ट्रेटचा अंकुश परत आणावा लागला.

उलट टोक अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं. तिथे बसून प्यायच्या दारूचे नवे परवाने गावाच्या लोकसंख्येनुसार, दर तीन हजार माणसांमागे एक. ऐकायला शिस्तशीर. पण झालं असं की परवाना हीच मालमत्ता बनली. जुने परवाने लाखो डॉलरला हात बदलतात आणि नव्या माणसाचं निम्मं भांडवल त्या कागदातच अडकतं. लोकांच्या रक्षणासाठी ठेवलेली मर्यादा हळूहळू जुन्या परवानाधारकांच्या रक्षणाची भिंत होते. अशा मर्यादा काढायला गेलं की सगळ्यांत मोठा आरडाओरडा तेच करतात.

तिसरी वाट स्वीडनची : खाजगी नफाच बाजूला काढायचा. घरी न्यायची कडक दारू, वाइन आणि साडेतीन टक्क्यांहून तेज बिअर जवळपास सगळी सरकारी सिस्टमबोलागेटच्या दुकानांतून मिळते. त्याआधी, १९५५ पर्यंत, तिथे दारूचं पासबुक होतं. कोणाला किती हे त्यात लिहिलेलं, घेतली की शिक्का. लग्न झालेल्या बाईला सहसा वेगळं पासबुक मिळत नसे. आता पासबुक गेलं, पण दुकानांत सवलतीच्या पाट्या लागत नाहीत, दोनावर एक फुकट मिळत नाही आणि रविवारी कुलूप असतं.

माल कुठून आला?

परवानाधारकाने माल फक्त परवानाधारकाकडूनच घ्यायचा, ही अट जवळजवळ सगळीकडे सापडते. पहिली नजर कराकडे असते, पण जिवाची गोष्टही यातच आहे. चोरट्या दारूत मेथेनॉल असू शकतं. वासाने वा चवीने ते ओळखू येत नाही, आणि थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. बाटलीवरचं सील, तुकडीचा क्रमांक आणि खरेदीचं बिल जुळत असेल तर विषारी तुकडी कुठून निघाली आणि कुठवर पोचली हे तासाभरात सांगता येतं. बिलच नसेल तर दवाखान्यातल्या खाटा मोजत मागे जावं लागतं.

अमेरिकेने ही साखळी आणखी ताणली. १९३३ साली दारूबंदी उठली आणि नियम करायचं काम राज्यांकडे गेलं. बंदीपूर्वी दारू बनवणारेच बारमालकांना पैसे पुरवत आणि फक्त आपलाच माल जास्तीत जास्त खपवायला लावत. ते पुन्हा नको म्हणून बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्या केल्या : बनवणारा, घाऊक विकणारा, किरकोळ विकणारा, आणि एकाने दुसऱ्याच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. दबाव कमी झाला खरा, मधल्या पायरीवरच्यांची चांदीही झाली.

घरपोच दारूने जुना प्रश्न नव्याने उभा केलाय. ॲपवर “मी अठरा वर्षांचा आहे” या चौकटीत बोट टेकवायला कोणालाही येतं, त्यामुळे खरी तपासणी दारात व्हायला हवी. म्हणजे काउंटरवरचा तो अर्धा मिनिट आता पाठीवर पिशवी घेतलेल्या, पुढच्या घराची घाई असलेल्या पोऱ्याच्या गळ्यात पडलाय. नकार दिला तर त्याची फेरी फुकट जाते. फेरीचे पैसे नकारालाही मिळतील अशी सोय नसेल, तर दारात ओळखपत्र कोण मागणार?

कागद काढून घेतात तेव्हा

नियम मोडला की पहिल्या फटक्यात परवाना रद्द होतोच असं नाही. इंग्लंडमध्ये पोलीस किंवा शेजारी फेरविचार मागू शकतात. मग सुनावणी होते, आणि तास कमी करणं, नव्या अटी, देखरेख करणारा माणूस बदलणं, तीन महिन्यांपर्यंत निलंबन, अशा पायऱ्या चढत शेवटी रद्द. दंड भरून बार त्याच संध्याकाळी उघडता येतो, निलंबनात तसं होत नाही. तयार माल, कामगारांचे पगार, जागेचं भाडं, सगळं चालू आणि गल्ला बंद. म्हणून मोठे बारवाले दंडाला भीत नाहीत, तारखांना भितात.

आणि चूक काहीच नसताना परवाना जातो तो प्रसंग वेगळाच. इंग्लंडमध्ये परवाना एखाद्या माणसाच्या नावावर असेल आणि तो माणूस वारला, तर त्याच क्षणी परवानाही संपतो. घरच्यांना किंवा जो धंदा सांभाळणार त्याला २८ दिवसांच्या आत तात्पुरत्या अधिकाराची सूचना द्यावी लागते, तेव्हा तो पुन्हा जिवंत होतो. तोवर फळीवर बाटल्या तशाच, बिलं चोख, कॅमेरा चालू, बाहेरची पाटीही जागच्या जागी. पण आतून ओतणाऱ्याचं नाव नाही, म्हणून एक ग्लाससुद्धा भरता येत नाही.